आंबाक्काची भरणी

आपल्या नांदरखोपच्या नदीवर आज पूल आहे. तिथं साधी होडीसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची तर नीट बसा. मधे कोणी उठलं तर मी पुन्हा पहिल्यापासून सांगणार नाही.

त्या काळी गावात आंबाक्का नावाची बाई होती. तिनं हाक मारली की पलीकडच्या काठावरची गुरं माना वर करायची, असं म्हणतात. एका पावसाळ्यात तिच्या घराची भिंत बसली आणि तिचा नवरा त्या भिंतीखाली गेला. भिंत कोणी बांधली होती? दाजीबा मिस्त्रीनं. मोठं नाव होतं हो त्याचं! दारावर असे मोर काढायचा की लोक रस्त्यात उभे राहून बघायचे आणि तिथल्या तिथं त्याच्या हातात नारळ द्यायचे. नारळ दिला की काम ठरलं. भिंतीच्या आत काय भरलंय ते कोण बघतंय?

पुढं आंबाक्काच्या सुनेला, हौसाला, दिवस गेले. सगळे कुडाच्या खोपटात राहत होते. नवं घर बांधायचं निघालं तशी हौसा म्हणाली, "आत्याबाई, मी झाडाखाली बाळंत हुईन, पण भिंतीच्या आत जायची न्हाई. मला धडकी भरती."

आंबाक्कानं तिचा हात हातात घेतला. "तू बिनघोर झोपशील असं घर बांधून घेतलं न्हाई, तर नावाची आंबाक्का न्हाई," ती म्हणाली.

गावकरी म्हणाले, "दाजीबालाच सांगा. भिंत पडली तो नशिबाचा भाग."

"नशिबानं बांधली हुती व्हय ती?" असं म्हणून तिनं नारळ पदरात बांधला आणि निघाली.

गावोगाव फिरली. नवं घर दिसलं की पुढच्या दारानं जायचीच नाही. परसात जाऊन घरच्या बाईला एकच विचारायची, "काम संपल्यावर तुमचा गवंडी परत आला हुता का?" बायका तोंडं वाकडी करायच्या. "कशाला यील? भिंतीला चीर गेली म्हणून निरोप धाडला, तर घरात असून नाही म्हणून सांगितलं!" आंबाक्का पुढं चालू लागायची. चालून चालून तिच्या पायाखालची वाट इतकी खोल झाली की तिचा ओढा झाला, असं म्हणतात. हसताय काय? मी कुठं बघायला होते!

शेवटी डोंगराकडच्या एका वस्तीत एक बाई म्हणाली, "आमचा यल्लाप्पा? अवं, दर पावसाळ्याच्या आधी येतो. भिंतीवर थापा मारत हिंडतो. आधी तिची चौकशी, मग आमची. जेवल्याबिगर आम्ही सोडत न्हाई त्याला." शेजारच्या घरात तेच. त्याच्या पलीकडच्या घरात तर लेकीच्या लग्नात त्याला मामा म्हणून उभा केला होता. आंबाक्कानं तिथंच नारळ सोडला.

यल्लाप्पानं घर बांधलं. काळा दगड, रुंद भिंती, मोर नाही की वेल नाही. "ही काय गुरांची छपरी!" म्हणून गाव हसलं. आणि हौसाचा पाय काही उंबरा ओलांडेना.

मग आला पूर. भर दुपारी आला. बत्तासे विरघळावेत तशी मोरांची घरं विरघळली. आंबाक्का दारात उभी राहून ओरडली, "या रं, समदी आत या!" तिचा लेक एकेकाला हाताला धरून आत ओढत होता. शेळ्या आल्या, कुत्री आली, खुद्द दाजीबा मिस्त्री आला. माणसं शिरतील तसं घर आतून वाढत गेलं, असं म्हणतात.

बाहेर राहिली एकटी हौसा. कंबरभर पाण्यात लिंबाच्या झाडाला धरून उभी, आणि तिला कळा सुरू झालेल्या. सासू हाका मारून दमली.

एवढ्यात वरच्या अंगानं एका ओंडक्यावर पोट टाकून कोण आला? यल्लाप्पा! आपल्या भिंतीची चौकशी करायला पुरातून आला होता. पाणी आदळत होतं त्या भिंतीला त्यानं पाठ लावली. "पोरी, ही मी बांधलीया. पडायची असंल तर आधी मी पडंन. जा आत."

हौसानं त्याच्याकडं बघितलं आणि आत गेली.

पाणी त्याच्या गळ्याशी आलं. नदीनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा भिंतीकडं, आणि मुकाट बाजूनं वळली, असं म्हणतात. आजही ती तिथंच वळते, जाऊन बघा. आत बाळ रडलं आणि सगळ्या गावानं असा गलका केला, असा केला! शाबास गं बाई! हौसा त्याच भिंतीला टेकून, बाळाला कुशीत घेऊन गाढ झोपली. तिला बघून आंबाक्का हसली आणि मग ढसाढसा रडली.

तेव्हापासून आपल्याकडं घर नवं झालं की आंबाक्काची भरणी होते. आता स्लॅब आले, तालुक्याचे बिल्डर आले, पण काळा चष्मा काढून त्यांनाही बाहेर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. मागं एकानं तापाचं निमित्त काढलं. त्याला आता गावात कोणी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बांधायला सांगत नाही. बांधणारा उभा राहिला की म्हातारी-कोतारी, पोरंटोरं, शेळ्या, सगळं गाव त्या घरात शिरतं. घरची थोरली बाई दारातून विचारते, "मावलं का गं समदं?"

आणि आतून अख्खं गाव ओरडतं, "मावलं, आंबाक्का, मावलं!"