न वाळणारा ठसा

फार फार पूर्वी, नदीवर पूल बांधता येतो हे कुणाला सुचलेही नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका रुंद नदीच्या मधोमध एक बेट होते आणि बेटावर एक गाव. गावात होडी एकच होती आणि ती चालवण्याचा मान एका नावाड्याच्या घराकडे होता.

त्या नावाड्याला एक मुलगी आणि तीन मुलगे. मुलगी सगळ्यांत मोठी. भाऊ तिला आक्का म्हणत. ती चालायला लागली तसा बाप तिला होडीच्या टोकाशी बसवी आणि म्हणे, "हात घाल पाण्यात. डोळे मीट. आता सांग, पाणी काय म्हणतंय?"

सुरुवातीला आक्का नुसती हसायची. पुढे ती सांगू लागली, "बा, आज पाणी जड आहे." "बा, वर डोंगरात पाऊस झालाय." मग बाप उतारूंकडे असा बघायचा, जणू पोरीने गड जिंकला.

तिचे लग्न गावातल्याच एका बुरुडाशी झाले, पण वल्ह्याचे घट्टे तिच्या हातांवरून गेले नाहीत. तिन्ही भावांना होडी शिकवली तीही तिनेच.

एके वर्षी बाप गेला आणि वाटणीचा दिवस आला.

होडी काही करवतीने कापून वाटता येत नाही. म्हणून त्या मुलखातले नावाडी वर्ष वाटून घेत. भाऊ तीन, महिने बारा, प्रत्येकाला चार. बहिणीसाठी रीत निराळी होती. तिने नदीत हात बुडवायचा, ओला तळवा होडीच्या टोकावर टेकवायचा आणि तो ठसा वाळायच्या आत तीनदा म्हणायचे, "मला पावलं", म्हणजे माझा वाटा मला मिळाला. ठसा वाळला की तिचा हक्कही वाळला. मग भावजय तिला साडीचोळी द्यायची आणि सगळे जेवायला बसायचे.

गाव काठावर जमले. थोरली भावजय तबकात हिरवी साडी घेऊन उभी होती. आक्काने हात बुडवला, तळवा टेकवला. ते लाकूड तिच्या ओळखीचे होते. त्याच जागी बसून ती मोठी झाली होती. उन्हात ठशाच्या कडा वाळू लागल्या.

"म्हण की, आक्का," थोरला भाऊ हळूच म्हणाला. "भात निवतोय."

"म्हणते. आधी सांगा, मला काय पावलं?"

"साडी!" मधला म्हणाला. "जरीकाठी आहे. वहिनीनं अख्खा बाजार हिंडून आणलीय."

"साडी छानच आहे रे. पण साडी नेसले म्हणून काही मी बाची लेक झाले नाही."

वाटणी करायला बसलेले गावचे म्हातारे पंच खाकरले. "पोरी, ही रीत माझ्या आजोबांच्याही आधीची. तुझ्या आईनं म्हटलं, माझ्या बहिणीनं म्हटलं."

"त्यांच्या मनात काय होतं, ते कुणी विचारलं होतं का, आबा?"

आक्काने वाकून पुन्हा हात भिजवला आणि वाळत आलेल्या ठशावर पुन्हा टेकवला. "बारा महिने तिघांचे झाले. मग अधिक महिना कुणाचा?"

"कुणाचाच नाही," पंच म्हणाले. "तीन वर्षांतून एकदा येतो, तो तिघांत कसा वाटायचा? त्या महिन्यात होडी काठावर पालथी ठेवायची. लोक मीठमिरची आधीच भरून ठेवतात."

"मग तो मला द्या."

मधला भाऊ खो खो हसला. "अगं, धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण देतात. लेकीला महिना देतात होय?"

"तुझ्या मेव्हण्यांना खुशाल दे अनारसे. मला महिना दे."

गर्दीत मागे उभा असलेला बुरूड म्हणाला, "अनारसे मी घेईन हो. पण तिला महिनाही द्या."

सगळे हसले. पंचही हसले. "घे बाई. त्यात कुणाचं काही जात नाही."

"घेते. पण 'पावलं' म्हणणार नाही. पावेल तेव्हा म्हणेन."

साडी तबकातच राहिली. भात मात्र खरोखरच निवला.

दोन वर्षे गेली. प्रत्येक भाऊ आपल्या चार महिन्यांपुरती होडी जपे. फट दिसली की चिखल लिंपून वेळ मारून नेई. पुढच्या पाळीचा बघून घेईल, असे म्हणे. पुढच्या पाळीचाही तेच म्हणे.

तिसऱ्या वर्षी श्रावण अधिक आला. आक्काने होडी काठावर ओढून पालथी घातली, आणि तिचा जीव कळवळला. बाच्या होडीला चिखलाची ठिगळे! तिने सगळा चिखल खरवडून काढला, फटींत कापूस ठासला, वर तेलात शिजवलेली राळ ओतली. पाचव्या दिवशी होडी पाण्यात उतरली. अधिक महिन्यात पहिल्यांदाच गावाला पैलतीर गाठता आला.

बाराव्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडले होते. आक्काने सवयीने पाण्यात हात घातला आणि ती दचकली. पाणी बर्फासारखे गार होते आणि बोटांना बारीक रेती लागत होती. ती तशीच गावात धावली.

"चला! पोरंबाळं, म्हातारी माणसं आधी. पूर येतोय."

"ऊन पडलंय, आक्का!" मधला म्हणाला.

"ऊन इथं पडलंय. नदी वरून येते."

थोरल्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने वल्हे उचलले. खेपेमागून खेप झाली. माणसे पैलतीरी गेली, शेळ्याही गेल्या. दुपारी पाणी देवळाच्या पायऱ्या चढले. शेवटच्या खेपेला तिघे भाऊ वल्ह्यांवर होते आणि सुकाणू आक्काच्या हाती. भर धारेत एक झाडाचे खोड येऊन होडीवर आदळले. फळ्या कण्हल्या. भावांनी श्वास रोखून खाली पाहिले. एक थेंबही आत आला नव्हता.

पैलतीरावरून गावाने आपले बेट पाण्याखाली जाताना पाहिले. माणूस एकही दगावला नाही.

पाणी ओसरल्यावर गाव पुन्हा काठावर जमले. पंच म्हणाले, "पोरी, तू आम्हाला वाचवलंस. बक्षीस म्हणून आम्ही तुला भावांच्या बरोबरीनं वाटा देतो. चौघांना तीन-तीन महिने."

लोकांनी आनंदाने गलका केला. आक्का मात्र ताठ उभी राहिली. "बक्षीस असेल तर नको."

ती पंचांकडे वळली.

"पूर आला नसता तर मी बाची लेक नव्हते का? जी बहीण कुणाला वाचवत नाही, जिला वल्हंही धरता येत नाही, तिनं काय करायचं? माझ्या भावांना वाटा दिलात, तेव्हा त्यांनी कुठला पूर अडवला होता? ते बाच्या घरी जन्मले, एवढंच. मीही तिथंच जन्मले."

पंचांनी पागोटे काढून हातात घेतले. "माझ्या बहिणीचा ठसा वाळताना मी पाहिला होता," ते म्हणाले. "तिनं 'पावलं' म्हटलं, पण नजर होडीवरच होती. तेव्हा मी तोंड फिरवलं. पोरी, बक्षीस हा शब्द मी मागे घेतो. वाटा तुझा होताच. अडवून आम्ही बसलो होतो."

आक्काने नदीकडे पाऊल टाकले. तेवढ्यात मधला भाऊ, तोच खो खो हसणारा, होडीतले उरलेल्या राळेचे मडके घेऊन आला.

"पाण्यात नको, आक्का. यात बुडव. आम्हीही बुडवतो."

चार तळवे होडीच्या टोकावर शेजारी शेजारी उमटले. आक्का मान वर करून एकदाच म्हणाली, "आता पावलं."

तेव्हापासून त्या मुलखात वाटणीच्या दिवशी घरातले प्रत्येक मूल राळेत हात बुडवते. अधिक महिना सगळ्यांचा असतो आणि त्यात सगळे मिळून होडी दुरुस्त करतात. पाहुणा आला की गावकरी त्याला छाती फुगवून होडीचे टोक दाखवतात आणि म्हणतात, "ओळखा पाहू, यातला लेकीचा ठसा कुठला आणि लेकाचा कुठला?" अजून कुणालाही ओळखता आलेला नाही.

तात्पर्य: वारसाचा वाटा ही भेट नव्हे आणि बक्षीसही नव्हे, मुलगी असो वा मुलगा, तो जन्माबरोबरच मिळालेला असतो.