चमचाभर विरजण

एकदा एक परदेशी तरुण घाटमाथ्यावरच्या एका लहान गावात येऊन राहिला. तो मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा प्रचारक. मुलाने विशीच्या उंबरठ्यावर दोन वर्षे घर सोडावे, पाठवतील त्या देशी जावे आणि दारोदार फिरून शुभवर्तमान सांगावे, अशी त्या पंथाची रीत आहे. एकट्याने कुठे जायचे नाही, जोडीदार सतत बरोबर हवा. घरी फोन आठवड्यातून एकदाच, सोमवारी. पांढऱ्या सदऱ्यावर काळी पट्टी असते आणि तिच्यावर नावाआधी जे बिरुद लिहितात, त्याचा अर्थ होतो वडीलधारा. वय एकोणीस, मिसरूड धड फुटलेले नाही, आणि हे वडीलधारे! गावाने पहिल्याच आठवड्यात पोटभर हसून घेतले.

त्याला मराठी शिकवायला एक निवृत्त शिक्षक मिळाले होते. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. रोज दुपारी तो आणि त्याचा जोडीदार त्यांच्या ओसरीवर धडे गिरवत बसत.

तरुण मेहनती होता. नऊ महिन्यांत त्याची मराठी चांगली वाहती झाली, पण गावाशी काही जुळेना. दार उघडणारी बाई म्हणे, "बसा, चहा टाकते." चहा त्याच्या पंथात वर्ज्य. तो म्हणे, "नको." "मग पाणी तरी?" उकळलेलेच पाणी प्यावे अशी वरिष्ठांची ताकीद आणि त्याची बाटली पाठीवर. तो म्हणे, "नको." लाडू पुढे आला तर पोट भरलेले असे. इतक्या वेळा 'नको' ऐकल्यावर त्याच्या परमेश्वराचे दोन शब्द ऐकायला कुणाला हुरूप येणार? दार हळूच लागे.

आणि मनातून त्याला घर छळत होते. बर्फाचे डोंगर, रविवारी दुपारी स्वयंपाकघरातली गडबड, आईचा आवाज. वाटेत एखादी बाई आपल्या पोराला जेवायला हाक मारी आणि याचा जीव गलबलून जाई. पण सोमवारी फोनवर आईने "ठीक आहेस ना?" असे विचारले की तो म्हणे, "अगदी ठीक." देवाचे काम करणाऱ्याने रडगाणे गाऊ नये, अशी त्याची समजूत होती. शेवटी त्याचा धीर सुटला.

एका शनिवारी तो म्हणाला, "गुरुजी, मी परत जातोय. सोमवारी वरिष्ठांना कळवणार. माझ्याच्यानं हे होत नाही."

गुरुजींनी समजूत घातली नाही. ते आत गेले आणि एक रिकामी वाटी आणून त्याच्या हातात ठेवली.

"जायचं तर जा, बाबा. पण आज माझं एक काम कर. गल्लीतून चमचाभर विरजण मागून आण. दिवेलागणीच्या आत आण, नंतर कुणी देत नाही."

"मी मागू?"

"का? धर्म सांगत फिरता येतं आणि विरजण मागता येत नाही?"

तरुणाचे कान लाल झाले. वाटी घेऊन तो निघाला, जोडीदार मागोमाग. पहिलेच दार ते, जिथून तो तीनदा परत फिरला होता. बाईचे हात पिठात होते.

"काय रे, आज पुस्तक न्हाई?"

"नाही. विरजण मिळेल का? गुरुजींना हवंय."

बाई आधी बघतच राहिली, मग खळखळून हसली. "आगं बया! जाऊबाई, बघा तरी, ह्यो विरजण मागतोय!" मग पदराला हात पुसत म्हणाली, "माझं लई आंबाट झालंय. पलीकडं म्हातारीकडं जा. मी धाडलंय म्हन."

म्हातारीने त्याला आत बोलावून पाटावर बसवले, जोडीदाराला शेजारी. हातावर गुळाचा खडा ठेवला. वाटी पुढे केलेला माणूस 'नको' कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याने तो मुकाट्याने खाल्ला.

"आई हाय?" म्हातारीने दही काढता काढता विचारले.

"आहे."

"फोन करतोस?"

"दर सोमवारी."

"काय सांगतोस?"

"ठीक आहे म्हणून."

म्हातारीचा चमचा वाटीवरच थांबला. "माझाबी पोरगा मस्कतला हाय. त्योबी ठीक हाय म्हनतो. मीबी बरं म्हनते. पन फोन ठिवला की घास गिळत न्हाई मला. माझ्याबिगर तू ठीकच असशील, तर मग माझं काय काम ऱ्हायलं रं?"

 तरुणाचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. म्हातारीने पदराने आपलेही पुसले.

तो परतला तेव्हा गुरुजींच्या फडताळाचे दार उघडे होते. आत दह्याचे भांडे काठोकाठ भरलेले.

"गुरुजी, दही तर आहे!"

"आहे ना. सकाळीच छान लागलंय."

"मग मला का पाठवलंत?"

गुरुजी म्हणाले, "तू नऊ महिने प्रत्येक दारी केवळ द्यायला गेलास. कुणाकडून काहीही न घेणाऱ्यासमोर माणूस अवघडतो, बाळा. त्याला वाटतं, याला माझी गरजच नाही. तुझा पंथ तुझ्यापाशी, माझा देव माझ्यापाशी, चहाही पिऊ नकोस. पण जिथं आपण कधीच काही मागितलं नाही, तिथं आपण परकेच राहतो. तू घरापासून दूर आहेस, हे दुःख खरंच आहे. पण ते तू इथंही कुणाला कळू दिलं नाहीस. आज वाटी घेऊन गेलास आणि लोकांनी तुला आत बसवलं."

तरुणाने वाटी फडताळात ठेवली. त्याला गल्ली नव्हे, आई आठवत होती.

सोमवारी आईने नेहमीचेच विचारले, "ठीक आहेस ना?"

"नाही, आई," तो म्हणाला. "मला तुझी फार आठवण येते. रोज येते. मला तुझ्याशी बोलायचंय."

 पलीकडे आई रडू लागली आणि रडता रडताच म्हणाली, "बोल रे, बोल. मी इथेच आहे."

वरिष्ठांना त्याने त्या दिवशी काहीच कळवले नाही. उरलेले सव्वा वर्ष त्याने त्याच गावात काढले. आठवण शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच येत राहिली, पण ती त्याने पुन्हा आईपासून लपवली नाही.