पाठमोरी खुर्ची

एका चित्रपट मंडळात एकदा एक चमत्कारिक प्रकार घडला. अंतराळयात्रेच्या एका गाजलेल्या चित्रपटमालिकेचा आठवा भाग, सातव्यानंतर कित्येक वर्षांनी आलेला, मंडळींनी एकत्र पाहिला. मग प्रथेप्रमाणे चर्चा. मंडळाचे वृद्ध आचार्य मधोमध बसत आणि बोलणारा प्रत्येकजण त्यांच्या भुवयांकडे पाहत बोले. भुवई वर गेली, की चित्रपट आपटलाच म्हणून समजा!

त्या दिवशी मात्र आचार्यांनी खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि पाठमोरे बसले.

"हं, बोला."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. अहो, बोलणार काय? भुवयाच दिसेनात!

"मग आमच्या शिष्योत्तमांपासून सुरुवात होऊ दे," आचार्य म्हणाले.

शिष्याने हातातली वही मिटली. मंडळाच्या अंकात त्याचे पहिलेवहिले परीक्षण छापून यायचे होते, तेही आचार्यांना पटले तरच. तो जपून म्हणाला, "पहिल्या भागाची सर याला नाही."

"पहिला भाग पाहिलायस?"

"नाही, गुरुजी."

हशा पिकला. शिष्याचे कान तापले. अपमानाने म्हणा, रागाने म्हणा, तो ताडकन उभा राहिला.

"मग खरं सांगतो. मला आवडला! त्या म्हाताऱ्या कप्तानाला शिरस्त्राणाचा पट्टा लावता येत नाही, हात थरथरतात, तरी तो कुणाला मदत करू देत नाही. तिथे मी रडलो. माझे आजोबा शर्टाची बटणं अशीच लावायचे. कथा फुसकी असेल, यंत्रमानव पोरकट असेल. सगळ्यांनी नावं ठेवा, गुरुजी, तुम्हीसुद्धा ठेवा. मी हेच लिहिणार. छापायचं नसेल तर नका छापू!"

आचार्यांनी खुर्ची वळवली.

"मला हा चित्रपट मुळीच आवडला नाही," ते म्हणाले. "पण तो पट्टा मला दिसलाच नाही रे. मी अंधारात बसून पहिला भाग शोधत होतो आणि ही मंडळी माझा चेहरा. मग समोरचा चित्रपट पाहिला कुणी? तुलना खुशाल करा, पण आधी पुढ्यात आलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. निवाडा चुकला तर चालेल, उसना नको."

"मग माझं परीक्षण?"

"छापू की. शेजारी माझंही छापू. झोडपणार आहे मी, आत्ताच सांगून ठेवतो."

"झोडपा, गुरुजी."

आचार्यांच्या भुवया वर गेल्या. शिष्याचे तिकडे लक्ष नव्हते. तो खाली मान घालून लिहायला लागला होता.