सर्जेराव मंगळ सांभाळतो

वरच्या वाडीत एक भोळा दीर होता. नाव सर्जेराव. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचं, हा त्याचा बाणा. घरच्यांना तो बऱ्याचदा भोवला होता. पण मनाचा इतका निर्मळ की त्याच्यावर रागवायला गेलेलं माणूस हसत परत येई.

त्याची वहिनी प्रयागा मोठी हुशार. तिने वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर मंगळ वसवला होता. म्हणजे खेळात. तांबड्या माळावर काचेचा भलामोठा घुमट, घुमटात गव्हाचं शेत, शेजारी लोखंडाची भट्टी, गोदाम आणि एक छोटी पिठाची चक्की. टेकडीपलीकडे खालच्या वाडीच्या पोरांनी वसवलेली वस्ती. तालुक्याने दोन्ही वाड्यांत चुरस लावून दिली होती. रविवारी दुपारी ज्या वस्तीच्या गोदामात जास्त धान्य, त्या वाडीला पिठाची चक्की. खरीखुरी. खालच्या वाडीत एक चक्की आधीपासून होती, वरच्या वाडीत नव्हती. बायका डोक्यावर दळण घेऊन घाट उतरत आणि पीठ घेऊन पुन्हा चढत. प्रयागाची मान त्या ओझ्याने कायमची दुखायची. ही चक्की आणायचीच, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात तिच्या भावाचं लग्न निघालं. घरात रिकामा एकटा सर्जेराव.

"भावजी, मी येईस्तोवर मंगळ सांभाळा," ती म्हणाली. "अडलं तर फोन करा. आन् हे बघा, काही कोरडं दिसलं की पाणी सोडा."

सर्जेरावाने मान डोलावली. एकदा सांगितलेलं तो विसरत नसे. तीच तर पंचाईत होती.

पहिल्या दिवशी त्याने पाहिलं, तर गहू चांगला ओला होता. बाहेर सोलरच्या प्लेटा मात्र उन्हात ठणठणीत कोरड्या पडलेल्या. सर्जेरावाला वाईट वाटलं. त्याने अख्खी टाकी प्लेटांवर सोडली. मंगळावरची थंडी ती, पाण्याचा जागच्या जागी बर्फ झाला आणि वस्तीतले दिवे गेले.

"प्लेटांना पाणी पाजलंत?" वहिनीने फोनवर विचारलं. मागे सनई वाजत होती. "भावजी, तिथं पाण्याचं काम न्हाई. तांबडी माती दिसली की झाडून लांब टाकायची, बास."

तिने बर्फ वितळवायची रीत सांगितली, दिवे आले. सर्जेरावाने तांबडी माती ध्यानात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती त्याला सापडली. ढीगच्या ढीग. गव्हाच्या खालीच होती. त्याने खेळातली सगळी यंत्रमाणसं कामाला लावली, माती झाडून काढली आणि टेकडीपाशी नेऊन टाकली. घुमटातली फरशी लख्ख झाली. गहू तिच्यावर आडवा पडला.

"माती काढल्यावर गहू कशात यायचा, भावजी?"

"फरशीत न्हाई यायचा?"

"न्हाई यायचा. माती परत आत घ्या, रोपं लावा. आन् गारठ्यात काही उघडं टाकत जाऊ नका. पांघरूण घाला."

सर्जेरावाने माती आत घेतली, रोपं लावली, गव्हावर पांघरूण घातलं. मग त्याचं लक्ष भट्टीच्या धुराड्याकडे गेलं. ते बिचारं कधीपासून गारठ्यात डोकं काढून उभं होतं. त्याने त्याच्या तोंडावर ताडपत्री घट्ट बांधली. धूर आत कोंडला, कामगार खोकत बाहेर पळाले, कारखाना बंद पडला.

आता वहिनी हळदीच्या मांडवात होती.

"आधी ताडपत्री सोडा," ती म्हणाली. "आन् भावजी, हितनं पुढं सोताचं डोकं चालवू नका. काही अडलं, तर आपण घरी जसं करतो, अगदी तसं करा."

सर्जेरावाचा जीव भांड्यात पडला. घरची रीत तर त्याला लहानपणापासून पाठ होती.

खेळातलं पीक भराभर वाढतं. शनिवारी कापणी झाली आणि गोदाम गच्च भरलं. खालच्या वाडीला मागे टाकलं. फोनवर हे ऐकून वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "चक्की आपलीच, भावजी," ती म्हणाली. सर्जेराव इतका खूश झाला की त्याला जेवणाचंही भान राहिलं नाही.

रविवारी सकाळी पडद्यावर पाटी आली: वस्तीतलं पीठ संपलं आहे. बाजूला चक्कीचं चित्र लुकलुकत होतं. सर्जेरावाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डोकं चालवायचं नव्हतं. घरी पीठ संपल्यावर काय करतात, एवढंच त्याने आठवलं. मग सगळाच्या सगळा गहू गाड्यांवर लादला, म्हणजे दुसरा हेलपाटा नको, आणि गाड्या टेकडीपलीकडे धाडल्या.

दुपारी वहिनी लग्नातल्याच साडीवर धावत वाचनालयात आली. तालुक्याचे साहेब आधीच येऊन बसले होते. त्यांनी दोन्ही गोदामं पाहिली आणि खालच्या वाडीचं नाव जाहीर केलं. एवढं धान्य आपल्याकडे आलं कुठून, हे खालच्या वाडीलाही उमजेना.

"भावजी, गहू कुठंय?"

"दळायला टाकलाय."

"कुठं?"

"खालच्या वाडीला. आपण घरी करतो तसं."

वहिनीचा चेहरा पाहून सर्जेरावाला गलबलून आलं. तिला बरं वाटावं असं काहीतरी बोलायला हवं होतं. त्याने खूप विचार केला आणि त्याला एक गोष्ट सापडली.

"वहिनी, एक मातर झाक झालं," तो म्हणाला. "आता तिथं दोन चक्क्या झाल्या. आपल्याला रांगेत उभं ऱ्हायला नको."