टाचेतली राखणी

माणसाच्या पायाला वहाण ठाऊक नव्हती, तेव्हाची गोष्ट. त्याच्या टाचेत राखणी नावाची एक इवलीशी पेशी पहाऱ्याला असे. एकदा बाभळीचा काटा टाचेत घुसला आणि आतच मोडला. अंगात हाका ऐकू जात नाहीत, म्हणून राखणीने आपली रसाची पोटली फोडली. त्या रसाच्या इशाऱ्यासरशी रक्ताच्या वाटा रुंदावल्या, पांढऱ्या पेशी धावत आल्या आणि टाच लालबुंद होऊन टम्म फुगली.

टाच कळवळली, "अगं बये, काटा परवडला, पण तुझी आग आवर!"

"काटा गप्प बसलाय, म्हणून तुला तो गुणी वाटतो," राखणी म्हणाली.

वरून मेंदूचा हुकूम आला, "मला पुढे जायचंय. तुझा कालवा बंद कर."

"जाऊन दाखवा!" म्हणत राखणीने दुसरी पोटली फोडली.

असा ठणका लागला, की माणूस मटकन खाली बसला. पाय मांडीवर घेऊन त्याने दुसऱ्या काट्याने तो काटा उकरून काढला. मग राखणीने रस आवरला, पांढऱ्या पेशी पांगल्या, सूज ओसरली.

मेंदू ऐटीत म्हणाला, "ऐकलंस ना शेवटी माझं?"

"तुमचं कशाला ऐकू?" राखणी नवी पोटली भरत म्हणाली. "आधी तुम्हीच माझं ऐकलंत."