झोप हरवलेलं गाव

किती वर्षं झाली ते डोंगरांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी एका राज्यात एक न्यायाधीश राहत होता. माणूस सरळ. कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा कधी घेतलं नाही. राजवाड्याशेजारच्या दगडी कचेरीत तो बसे आणि समोर येईल त्याचा निवाडा करी. समोर कोण येऊ शकत नाही, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

एके दिवशी कारकुनानं सांगितलं, "सात डोंगरांपलीकडच्या खोऱ्यातून पाच वर्षांत एकही फिर्याद आलेली नाही."

ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजा हरखला. म्हणाला, "केवढी गुणी माणसं! त्यांचा मान केला पाहिजे. ताम्रपट कोरून घ्या आणि तुम्ही स्वतः नेऊन द्या."

न्यायाधीशाची पालखी निघाली. एक नदी होडीनं ओलांडली, सागाचं रान संपता संपेना, मग घाटामागून घाट. पाचव्या दिवशी, दुपार कलताना, ते खोरं दिसलं. पिंजलेल्या कापसासारखं धुकं शेतांवर पसरलं होतं आणि त्यातून ज्वारीची कणसं तेवढी वर आली होती.

गावात शिरताच न्यायाधीशाला नवल वाटलं. एकाही दाराला कडी नव्हती. दारं सताड उघडी. माणसं पाण्याखालून चालावं तशी हळूहळू चालत होती. एका म्हाताऱ्यानं त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि उभ्या उभ्याच डोळे मिटले. विहिरीवरची बाई पोहरा अर्ध्यावर ओढून थांबली होती, जणू पुढं काय करायचं ते विसरली होती. म्हशीच्या पाठीवर एक पोर गाढ झोपलं होतं आणि म्हैस त्याला घेऊन कुठंतरी चालली होती.

'किती निवांत आहेत ही माणसं!' त्याच्या मनात आलं. त्याच्याही पापण्या जड झाल्या. आपण कुणाच्या तरी स्वप्नात शिरलो आहोत, असं त्याला वाटू लागलं.

चिंचेखाली गाव जमलं. न्यायाधीशानं ताम्रपट वाचला: "या खोऱ्यात चोरी नाही, तंटा नाही, कुणाची काही तक्रार नाही."

कुणी मान वर केली नाही. मागं उभी असलेली एक बाई मात्र हसू लागली. हसता हसता तिचे डोळे भरले.

"बयजा, गप," पाटील हळूच म्हणाले. तिनं पदरानं डोळे पुसले.

दिवस मावळायला आला, तसं एक विचित्र दृश्य न्यायाधीशानं पाहिलं. घराघरांतून माणसं बाहेर पडू लागली. खांद्यावर घोंगडी, हातात गोफण. बायकांच्या काखेत तान्ही मुलं. आंधळी आजीसुद्धा काठी टेकत निघाली. बघता बघता गाव रिकामं झालं. न्यायाधीश बयजाच्या मागोमाग तिच्या शेतावर गेला. शेतात मचाण होतं आणि मचाणाखाली बाभळीला झोळी टांगलेली होती.

"तुम्ही सगळी इथं कशाला आलात?" त्यानं विचारलं.

"राखणीला, मायबाप. डोळा लागला की पीक गेलं. पाच वर्षं झाली, रातची झोप कुणाला ठावी नाही."

"मग घरांची दारं उघडी का?"

"आत नेण्यासारखं काही उरलंय का?"

न्यायाधीश गोंधळला. "इतकं होतं, तर फिर्याद का नाही केली?"

"केली होती की. माझीच शेवटची." बयजा मचाणावर चढली आणि वरूनच सांगू लागली. "ऐन पेरणीच्या तोंडावर माझी बैलजोडी नेली. कवड्या आणि चांद्या. चार दिवस पायपीट करून तुमच्या कचेरीशी आले. दारावरचा शिपाई म्हणाला, 'दरबारी भाषेत लिहून आण.' लिहून आणलं. म्हणाला, 'दोन साक्षीदार आण.' परत चार दिवस. दोघं शेजारी माझ्यासाठी आले. आम्ही तिघं वाटेत, अन् इकडं तिघांची उभी पिकं कापून नेली. चोरानं एकदा लुटलं मायबाप, न्यायानं दुसऱ्यांदा. मग त्या वाटेला कुणी गेलं नाही."

न्यायाधीशाला तो दिवस आठवेना. आठवणार कसा? त्या दिवशीही तो आतच बसला होता. दाराबाहेर कोण उभं आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं. त्याची मान खाली गेली.

"चोर कोण, ते सांग," तो म्हणाला.

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण मी नाव घेतलं तर तुम्ही परवा पालखीत बसाल. तो इथंच राहील, अन् मीही."

 सकाळी न्यायाधीशानं पालखी रिकामी परत पाठवली. सोबत राजाला निरोप धाडला, "आजपासून कचेरी इथं आहे."

गावच्या खळ्यावर घोंगडी टाकून तो बसू लागला. पहिले दहा दिवस कुणी फिरकलं नाही. मग त्यानं गोफण मागून घेतली आणि रोज एकेकाच्या मचाणावर राखणीला जाऊ लागला. पहिला धोंडा त्यानं स्वतःच्याच पागोट्यावर मारून घेतला, तेव्हा बायका किती तरी दिवसांनी हसल्या. ज्वारी निघाली, हरभरा घाट्यावर आला, तरी तो गेला नाही.

एका सकाळी बयजा खळ्यावर आली. "लिहून आणलेलं नाही," ती म्हणाली.

"बोल. मी ऐकतोय."

"वरच्या गढीचा मालक."

ते नाव मोठ्यानं उच्चारलं गेलं आणि धुक्यातून एकेक माणूस पुढं येऊ लागला. कुणाचा नांगर, कुणाच्या शेळ्या, कुणाचं वर्षाचं धान्य. राजाकडून मागवून घेतलेले शिपाई आणि सगळं गाव घेऊन न्यायाधीश गढीवर गेला.

मालक पान चघळत म्हणाला, "ही जनावरं माझी. आहे कुणाजवळ पुरावा?"

तोच त्याचा गडी वैरणीचा भारा टाकून पुढं आला.  "कवड्या आणि चांद्याला मीच हाकत आणलं, ह्यांच्या हुकमानं. पाच वर्षं मनात ठेवलं. सांगावं तर ऐकणारं कुणी नव्हतं."

निवाडा तिथंच, गोठ्याच्या दारात झाला. ज्याचं त्याला परत मिळालं. लुटलेलं धान्य गढीच्या कोठारातून भरून दिलं. आणि मालकाला शिक्षा अशी, की पाच वर्षं त्यानं शिपायांच्या पहाऱ्यात गावाच्या शेतांची राखण करावी. गडी खरं बोलला म्हणून त्याला माफी मिळाली.

हे ऐकून राजानं फर्मान काढलं: न्याय मागायला निघालेलं माणूस दिवेलागणीच्या आत घरी परतू शकेल, इतक्या जवळ प्रत्येक खोऱ्यात कचेरी असावी.

निवाड्याच्या संध्याकाळी कुणी शेताकडं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन छपरांवर चढलं, तरी एकाही चुलीचा धूर दिसेना. न्यायाधीश काळजीनं गावात आला. घराघरांतून संथ श्वास ऐकू येत होते. बयजा ओट्यावरच, बैलांच्या दाव्याला हात लावून, लहान मुलीसारखी झोपली होती.

त्यानं वहाणा काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता तो गावाबाहेर पडला.

बोध एवढाच: जिथून तक्रार येत नाही तिथं सुख असतंच असं नाही, न्याय दूर गेला की माणसं हाक मारणंच सोडून देतात.