तळकोंडची दावण

तळकोंडच्या सोनाक्का गावची ही गोष्ट सांगताना पाहुण्यांना आधीच बजावतात, की यातले काहीही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नाही. त्यांच्या आजेसासूनेही पाहिले नव्हते. पाहण्याजोगा उरला आहे तो केवळ दगड: तळकोंडच्या खिंडीतला, काळा, कमरेएवढा, दोरांच्या घासणीने गुळगुळीत झालेल्या आरपार भोकांचा. ही भोके मुळातली की नंतर पाडलेली, हे त्या सांगत नाहीत. ती अठरा आहेत एवढे सांगतात, कारण ती त्यांनी स्वतः मोजली आहेत.

मरीच्या साथीच्या वर्षी, असे सांगतात, गावाने नदीपलीकडच्या माळावर झोपड्या घातल्या. नावाड्याने होडीत कुत्री घेतली नाहीत. चार दिवसांत परतू, अशा समजुतीने लोकांनी ती मागे मोकळी सोडली. ठकूने तसे केले नाही. ती वाखाचे दोर वळून पोट भरणारी बाई. तिची कवडी नावाची कुत्री होडीमागे पाण्यात उडी घेईल आणि बुडेल, या भीतीने तिने ती दारच्या खुंटाला बांधली. ठकूची गाठ आपोआप कधी सुटत नसे. तिला त्याचा अभिमान होता.

परतायला अडीच महिने लागले.

तोवर खिंड कुत्र्यांनी धरली होती. गावात शिरायला दुसरी वाट नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन शेळ्या फाडल्या आणि एका माणसाची मांडी फोडली. दौलत पाटलांनी विष कालवलेले पिठाचे गोळे परातीत मांडले.

"दिवस मावळेपर्यंत थांबा," ठकू म्हणाली. "आपलीच आहेत ती."

"ठके, ती तुला ओळखतील, की तुझ्या पोटऱ्यांना?"

"पोटऱ्या ओळखल्या तरी ओळख निघालीच की, पाटील."

कोणी हसले नाही म्हणे. खांद्यावर दोरांची वेटोळी घेऊन ती एकटी आत गेली. तिला एवढेच जाणून घ्यायचे होते: कळपात कवडी आहे का? असेल, तर ती सुटली. नसेल, तर आपल्याच गाठीने तिचा जीव घेतला.

दगडाला पाठ लावून ती बसली. कुत्री भोवती फिरू लागली, आणि प्रत्येक फेरीत अंतर कमी होत गेले. तिने कवडीला तीनदा हाक मारली. आला तो ओठ मागे ओढलेला एक तांबडा कुत्रा, हातभर अंतरावर. त्याच्या गळ्यातला पट्टा तिने स्वतः विणलेला होता.

"सरदार," ती हळूच म्हणाली.

शेपूट हलली नाही. गुरगुर तेवढी थांबली. तिने पट्ट्यात दोर ओवला, दगडाच्या भोकातून काढला आणि गाठ मारली. मग मान न वळवता ओरडून सांगितले, "पाटील, हा तुमचा. न्यायला तुम्हीच या, गाठ तुमच्या हाताने सोडा."

पाटील परात खाली ठेवून आले. कुत्र्याने त्यांचा हात हुंगायला फार वेळ घेतला, असे सांगतात. त्यानंतर ठकू एकेक कुत्रे दगडाला बांधत गेली आणि एकेक घर आपल्या कुत्र्याचे नाव घेत पुढे आले. दिवस मावळताना सहा कुत्री बांधलेली उरली. त्यांची माणसे माळावरच मरून गेली होती. ती इतर घरांनी वाटून घेतली. त्यांतले लंगडे होते ते ठकूने नेले.

कवडी त्यांत नव्हती.

ठकू घरी आली, तेव्हा खुंटाशी दोर अखंड पडला होता. त्याला दाताची खूण नव्हती.

आजही तळकोंडातून बदलीने वा कामाधंद्याला जाणारा आपले जनावर या दगडाला बांधतो आणि दुसऱ्या घरचे कोणी स्वतःच्या हाताने ती गाठ सोडीपर्यंत शेजारी बसून राहतो. गेल्या वर्षी शाळेच्या मास्तरांच्या एका काण्या मांजरापायी दोन एसट्या चुकल्या. शहरातून पिल्ले टाकायला येणाऱ्यांनाही सोनाक्का तेच सांगतात: "बसा. सोडणारा येईल, मग जा."

त्या अडीच महिन्यांत सगळे गाव पलीकडे होते आणि होडीही पलीकडच्याच काठाला बांधलेली होती. तरीही कवडीची गाठ बोटांनी उकललेली होती. कोणाच्या, ते ठाऊक नाही.